भागूचा फोटो आणायला कुंभकोणमला

परत आल्यापासून वाडीतला जो तो मला पारावर थांबवतो आणि विचारतो, "आबा, तिकडं काय काय बघितलं?" समुद्र बघितला का, मोठी देवळं बघितली का, सोनं स्वस्त आहे का. रोज तेच सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून काढतो आणि शाळेतल्या गुरुजींकडे देतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं, ज्याला वाचायचं नाही त्यानं पुन्हा मला विचारू नये. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुकलं तिथं गुरुजी सुधारतील.

समुद्र बघितला नाही. देवळं बाहेरून बघितली. मी माझ्या बायकोचा फोटो आणायला गेलो होतो.

भागू गेल्या वर्षी संक्रांतीनंतर गेली. घरात तिचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. त्यात ती चोरी करताना धरल्यासारखी दिसते. पोरं तोच मोठा करून लावायला निघाली होती. मी म्हणालो, लावाल तर मी गोठ्यात झोपायला जाईन. तेव्हा थांबली.

तिचा खरा फोटो एकच निघाला होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा बांध घातला, तो सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याच्याच पाण्यावर आज विहिरी आहेत. बांध चालू असताना एक काळासावळा, किडकिडीत माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून आला. सरकारात कामाला होता. जिथं माती अडवायचं, पाणी जिरवायचं काम चाललंय तिथं जाऊन फोटो काढायचे, हे त्याचं काम. मद्राशी, पण मराठी बोलायचा, आणि ती मराठी अशी की जुनी पोथी उठून चालायला लागली. "आपण कोठें राहतां?" म्हणायचा. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. त्यानं नंतर पोस्टानं फोटो पाठवला. तो चावडीत लावला होता. त्याला वाळवी लागली, चौकटीसकट गेला.

मागच्या पावसाळ्यात गुरुजी मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. त्या मद्राशाच्या मुलाला बापाच्या पेटीत जुन्या निगेटिव्ह सापडल्या होत्या. कुठल्या गावच्या आहेत ते कळेना, म्हणून त्यानं फोटो काढून चहूकडे पाठवले होते. फिरत फिरत एक आपल्याकडे आला. मागचा डोंगर गुरुजींनी ओळखला. मी बोटानं फोटो मोठा केला. डाव्या अंगाला, हातात माती ठोकायची धुमस घेतलेली, भागू. मी फोन परत द्यायला जरा वेळ लावला.

मुलाचं नाव गोपाळराव. फोनवर म्हणाले, मार्गशीर्षात इथं कुंभकोणमला ह्या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन आहे, तुम्ही याच, फोटो हाती देतों. पोरांना आनंद झाला. धाकटा म्हणाला, "आबा, आईचा तेवढा चेहरा कापून मोठा करून आणा. वर्षश्राद्धाला हार घालून लावू." मी बरं म्हणालो. तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

कुंभकोणम

प्रवासाचं लिहीत नाही. बसलो, अंग दुखलं, उतरलो. संगतीला भागूचा धाकटा भाऊ किसन होता. किसन एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाला तरी गाडीत बसला की लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो. तमिळनाडूतल्या बसमध्येही म्हणाला, आणि लोक सरकले.

उतरल्यावर आधी कॉफी प्यालो. पितळी पेल्यात देतात आणि पेल्याखाली पितळी वाटी. दुकानातला माणूस हात वरखाली करून ह्यातली त्यात, त्यातली ह्यात ओततो, थेंब सांडत नाही. तिथली माणसं पेला ओठाला लावत नाहीत, वरून तोंडात सोडतात. किसननं तसं करायला जाऊन सदऱ्यावर सांडली आणि हनुवटी भाजून घेतली.

"दाजी, ही काय प्यायची चीज हाय का अंघोळीची?"

"ओठाला लाव की. तुला कोण बघतंय?"

"समदी बघत्यात."

खरंच बघत होती.

बाजारात फुलवाल्या बायका ओळीनं बसलेल्या. जुईसारखी बारीक पांढरी फुलं, दोऱ्यात गच्च ओवलेली. तिथं फुलं वजनावर नाही, हातावर मोजून देतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दोरा धरायचा, तो एक हात. तिथली कुठलीही बाई, म्हातारी असो, शेण काढणारी असो, डोक्यात फूल घातल्याशिवाय दिसली नाही. आपल्याकडे बाया लग्नाकार्याला वेणी घालतात, एरवी फुलं देवाला.

किसन उभा राहून हिशेब करायला लागला. "दाजी, हात ज्याचा त्याचा. इथं लांब हाताची बाई हुडकून घ्याया पायजे."

पलीकडच्या म्हातारीला तो काय म्हणाला ते कळलं नसणार, पण त्यानं तिचा हात न्याहाळलेला तिनं बघितला आणि फुलावरचं पाणी त्याच्या अंगावर झटकलं.

गोपाळरावांचं घर अरुंद बोळात. पुढं फोटोचं दुकान, मागं घर. माणूस साठीच्या पुढचा, कपाळाला गंध, पांढरी लुंगी. ह्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठा राजाच्या पदरी चाकरीला आले ते तिथलेच झाले. "पूर्वीं आम्ही राजापुढें उभे राहत असूं," ते म्हणाले, "आतां लोकांस उभे करून फोटो काढतों." उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. दुकानात गिऱ्हाईक आलं की मधेच वाक्य तोडून तमिळ सुरू, गिऱ्हाईक गेलं की तोडलेलं वाक्य जिथल्या तिथं पुढं. मला बापाचाच आवाज ऐकतोय असं वाटलं. पन्नास वर्षांपूर्वी तो असाच बोलत होता.

त्यांच्या बायको कमलाबाई म्हणाल्या, "तुमचे मराठे देशांतलें पिटलें केलें आहे. बसा."

आम्ही दोन दिवस भात खाऊन हैराण झालेलो. पिठलं म्हटल्यावर किसन पाय धुवायचाही थांबला नाही. केळीच्या पानात पडलं ते वांगी, डाळ, चिंच आणि भाजलेल्या मसाल्याची आमटी. बेसनाचा पत्ता नाही.

"ताई, पिठलं कुठाय?" किसननं विचारलं.

"हेंच."

"आन भाकरी?"

"ती काय असते?"

मी किसनला डोळ्यानं दटावलं. चव मात्र अशी की मी तीनदा मागून घेतलं. भाकरी असती तर चारदा घेतलं असतं.

जेवण झाल्यावर गोपाळरावांनी दुकानातल्या संगणकावर फोटो उघडला. धाकट्यानं फोनवर सांगून ठेवल्याप्रमाणं त्यांनी भागूचा चेहरा कापून तयारच ठेवला होता. मागं निळा रंग भरलेला, कडेला सोनेरी चौकट. चेहरा चांगला मोठा, पापणी न् पापणी दिसत होती. पण मान खाली. डोळे खाली. एकटीला निळ्या रंगात बसवल्यावर ती अशी दिसत होती, जणू तिला कुणीतरी चारचौघांत बोललंय आणि ती ऐकून घेतीये.

"ताई रडतीय का वं?" किसन हळूच म्हणाला.

"आजकाल सर्व होतें," गोपाळराव म्हणाले. "डोळे वर करूं शकतों. थोडें हसू घालूं शकतों."

"घाला की," किसन म्हणाला. "बरं दिसंल. काय दाजी?"

मी म्हणालो, "उद्या बघू." खरं तर मला काय खुपतंय ते मलाच सांगता येईना. तोच चेहरा गुरुजींच्या फोनवर बघून मी फोन सोडत नव्हतो, आणि इथं एवढा मोठा करून दिला तर बघवेना.

रात्रभर किसन मला समजावत राहिला. त्याची बहीण होती, त्यालाही घरी लावायला एक पाहिजे होता. "दाजी, बांध आपल्याला काय करायचाय? बांध रोज दिसतो. ताई दिसत न्हाय." त्याचं खोटं नव्हतं.

इन्नंबूर

दुसऱ्या दिवशी गोपाळराव आम्हाला इन्नंबूरला घेऊन गेले. त्यांच्या बापानं तिथल्या पाटाचेही फोटो काढले होते, आणि त्यातला एक माणूस जिवंत आहे, असं कळलं होतं. त्याला प्रदर्शनाचं आमंत्रण द्यायचं होतं.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी भात. हिरवं म्हणजे किती हिरवं, डोळे दुखतात. मी सगळ्या वाटेनं एकच गोष्ट शोधत होतो, आणि ती कुठं दिसली नाही. दगड. किसनला म्हणालो, "अरे, ह्यांच्या रानात एक दगड नाही. ही माणसं कुत्र्याला मारतात कशानं?" नदीनं आणून टाकलेला गाळ तो, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. आपल्याकडे फावडं मारलं की ठिणगी उडते. आणि आपला पाऊस संपून पाचोळा उडायला लागतो तेव्हा ह्यांचा पाऊस भरात असतो.

तो माणूस गोविंदसामी. माझ्याहून थोडा थोरला असेल. उघडा, खांद्यावर पंचा, तोंडात विडा. गोपाळराव मधे बसून दोन्हीकडचं सांगत होते.

त्यानं विचारलं, "तुमच्या गावाला नदी कोणती?"

"नदी नाही."

"मग फोटोत बांध कशावर घालताय?"

"पावसाचं जे पळून जातं त्यावर."

तो विडा चघळायचा थांबला. "पाणी पळून जातं?"

"तुमच्याकडे पाणी चालत घरी येतं. आमच्याकडे यायच्या आधीच निघतं. पाय धरून बसवावं लागतं."

हे गोपाळरावांनी तमिळमध्ये सांगितल्यावर गोविंदसामी मांडीवर थाप मारून हसला. मग म्हणाला, आमचं उलटं. तुम्ही माती घालता, आम्ही माती काढतो. पाणी गाळ घेऊन येतं, पाट भरतात, मग गावानं उन्हाळ्यात मिळून पाट उपसायचे. घरटी एक माणूस. जो येणार नाही त्याच्या रानात पाणी सोडायची मोरी शेवटी उघडायची. आपल्याकडेही तेच होतं, प्रत्येक घरातून एक धुमस नाही तर एक पाटी.

मग म्हणाला चला, रान दाखवतो. भाताच्या खाचरातले बांध वीतभर रुंद आणि ओल्या गाळानं लिंपलेले. तो त्यावरून रस्त्यावरून चालावं तसा निघाला. मी म्हटलं, आपण बांधावरची माणसं, आपल्याला काय. चार पावलं गेलो आणि बाजूच्या खाचरात कमरेपर्यंत. चप्पल आजपर्यंत तिथंच आहे. गोविंदसामी काही विचारायला थांबला नाही. मला वर ओढण्याआधी माझा पाय जिथून घसरला तिथं वाकला, बोट घातलं, आणि बिळातून एक खेकडा काढला.

"खेकडा," मी म्हणालो.

त्यानं खेकड्याचं तमिळ नाव सांगितलं, आणि त्यामागून एक शिवी दिली. शिवी मला भाषांतराशिवाय कळली. खेकड्यानं बांध पोखरला की रातोरात रान रिकामं होतं. आपल्या बांधालाही भागू हेच बघत फिरायची, कुठं खेकडा, कुठं घूस. गोविंदसामीनं मूठभर गाळ घेऊन बीळ बुजवलं आणि वर टाच रोवून दाबलं. मग पाय उचलून ठसा बघितला. ठसा खोल उमटला होता. त्यानं आणखी गाळ घातला, पुन्हा टाच.

मी चिखलात उभा राहून त्याच्या पायाकडे बघत राहिलो. किसन वरून ओरडत होता, "दाजी, हात द्या की, काय म्हशीगत उभं ऱ्हायलाय?" माझं लक्ष नव्हतं. मला फोटो आठवला. भागू खाली का बघतीये ते आठवलं.

मंडपात

प्रदर्शन एका लग्नाच्या मंडपात होतं. दारात केळीचे खांब, रांगोळी. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फुलवाला नुकताच निघून गेला होता. आत भिंतीला ओळीनं मोठमोठे फोटो. पाट उपसणाऱ्या, पाट्या घेतलेल्या बायांची रांग. ओला गाळ तुडवणारी माणसं, एकमेकांच्या खांद्यावर हात. कुठल्याशा माळावर डोंगराला आडव्या मारलेल्या चरी, लांबून फणी फिरवल्यासारख्या. आणि प्रत्येक फोटोला गुलाबाचा जाड हार, काचेवर एकेकाच्या कपाळाला चंदन आणि कुंकवाचं बोट.

आमचा फोटो मधोमध होता. मी जवळ गेलो. उजवीकडून तिसरा, पाटी डोक्यावर घेतलेला, मिशा फुटलेला मी. माझ्याही कपाळाला चंदन-कुंकू लावलेलं. त्यावर हार.

"गोपाळराव," मी म्हणालो, "मी कधी मेलो?"

त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि दोन्ही हात डोक्याला लावले. त्यांनी हार पावसाळ्यातच सांगून ठेवले होते, तेव्हा त्यांना वाटलं होतं ह्यातलं कुणी उरलेलं नसेल. मान म्हणून हार. पुढं आम्ही सापडलो तेव्हा फुलवाल्याला सांगायचं राहिलं.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं. गोविंदसामी आपल्या फोटोसमोर उभा होता. त्यालाही हार. तो माझा हात धरून मला तिकडे घेऊन गेला, मग मी त्याला इकडे आणला. दोघं आपापले फोटो दाखवत राहिलो, दोन मेलेली माणसं. त्यानं काहीतरी म्हटलं. गोपाळराव लाजत म्हणाले, "ते विचारतात, तुमचें बाराव्याचें जेवण कोठें आहे? त्यांस यायचें आहे."

"त्यांना सांगा, आधी त्यांचं होऊ दे. ते थोरले."

हार काढायला शिडी आणली. आमच्या फोटोचा हार काढताना किसन मधे आला. "दाजी, तुमी जिवंत, फोटूतली ही वाडीची सखूबाई जिवंत, मान्य. पर ताई गेली. हार काढला म्हणून ताई परत येनार हाय का?"

शिडीवरचा पोऱ्या हार हातात धरून खाली बघत होता. मी म्हणालो, "काढ."

हार निघाला आणि फोटोचा खालचा अर्धा भाग दिसला. तोपर्यंत हारानं तो झाकला होता. हारानं झाकलेलं तेवढंच ह्या फोटोत बघण्यासारखं होतं. ओल्या मातीचा नवा थर, अजून काळा. भागूच्या दोन्ही हातांत धुमस आडवी, आणि एक पाय उचललेला. उजवी टाच. मातीत रोवून नुकतीच वर काढलेली. ती खाली टाचेच्या ठशाकडे बघतीये.

बांधाचा थर पडला की धुमसायचा. धुमसून झालं की पुढची माती टाकायची घाई सगळ्यांना, कारण दिवस मावळत आलेला असतो. भागू टाकू द्यायची नाही. टाच रोवून बघायची. ठसा उमटला तर परत धुमस. मुकादम चिडायचा, बाया चिडायच्या, मी स्वतः चिडायचो. ती नव्यानं नांदायला आलेली, कुणाची भीड नव्हती तिला. टाच रुतायची बंद झाली की म्हणायची, "आता टाका." पुढं मोठा पाऊस झाला तेव्हा खालच्या अंगाचे दोन बांध वाहून गेले. आपला आज उभा आहे. त्याच्या सांडव्यावरून जास्तीचं पाणी पडतं ते अजून निवळ पडतं, मातीचा कण नाही.

लोक जमल्यावर गोपाळरावांनी मला बोलायला उभं केलं. मी भाषण कधी केलेलं नाही. हेच सांगितलं, वर लिहिलं ते. ते एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत गेले. शेवटी मी म्हणालो, "ह्यांचे वडील फोटो काढत होते तेव्हा ते म्हणाले, बाई, मान वर करा, इकडे पाहा. तर ती म्हणाली, तुमचं तोंड बघू का बांध बघू?"

गोपाळराव हे सांगायच्या आधी क्षणभर थांबले. बापाचं बोलणं त्यांना असं मिळेल असं वाटलं नसावं. मग सांगितलं. सगळा मंडप हसला. पुढं बसलेल्या शेतकरी बाया मागं वळून एकमेकींना सांगायला लागल्या, आणि एक म्हातारी उठून फोटोजवळ गेली, काचेवरून भागूच्या टाचेला हात लावला आणि बोटं आपल्या डोळ्यांना लावली.

मी बायकोचं कौतुक तिच्या तोंडावर कधी केलं नाही. आपल्याकडे करत नाहीत. परक्या गावात, परक्या भाषेत ते झालं, आणि माझी छाती एवढी झाली हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मंचावरून खाली उतरलो तर किसन फोटोसमोर उभा. पाठमोरा. मी जवळ गेलो तसा नाक पुसून म्हणाला, "ताई रडत नव्हती तर."

"ती कधी रडली?"

"डोळं वर करायचं न्हाईत म्हनावं त्यास्नी."

"कापायचाही नाही," मी म्हणालो. "अख्खा घ्यायचा. बांधासकट."

"मला बी तसाच पायजे."

गोपाळराव हो म्हणाले. त्यांनी निळा चेहरा आमच्यासमोर संगणकातून पुसला.

कमलाबाई कधी बाहेर जाऊन आल्या कळलं नाही. त्यांच्या हातात जुईचा दोरा होता, हातभर. मला म्हणाल्या, "सवाष्ण गेल्या ना त्या?"

"हो."

"मग डोकें मोकळें कां?"

आणि शिडीवरच्या पोऱ्याला सांगून तो दोरा त्यांनी चौकटीच्या वरच्या कडेला लावला, भागूच्या डोक्यावर बरोबर येईल असा. गळ्यात नाही. केसांत माळतात तसा. ती सवाष्ण म्हणून माझ्याआधी गेली, ह्याचं गावातल्या बायांना कौतुक वाटलं होतं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. तिथं आला नाही.

घरी

फोटो किसननं मांडीवर धरून आणला. बसमध्ये कुणाला टेकू दिला नाही. "पुढं सरका, पुढं सरका," चालूच.

सोप्यात भिंतीवर लावला. पोरं आधी हिरमुसली. धाकटा म्हणाला, "आबा, यात एवढी माणसं. आई केवढीशी दिसतीय." मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ फोटोजवळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन आला. कशाला गेला होतास विचारलं तर म्हणाला, सहज. त्याच्या उजव्या टाचेला माती होती.

मग वाडी लोटली. ज्याचा त्याचा बाप, आजा त्यात. सखूबाई काठी टेकत आली, स्वतःला हुडकून काढलं आणि म्हणाली, "माझा पदर कसा पडलाय बघ. त्या मद्राशाला सांगायला काय झालं होतं?" मग भागूकडे बघून म्हणाली, "हिनं ह्या टाचेपायी किती वेळा माझ्याकडनं धुमसून घेतलं." आणि तिथंच बसली, चहा झाला तरी उठेना.

वर्षश्राद्धाला भटजी आले. म्हणाले, "मातोश्रींचा फोटो कुठं आहे?" धाकट्यानं भिंतीकडे बोट केलं. भटजींनी चष्मा पुसला. "ह्यातल्या कोण?"

"टाच उचललेली," धाकटा म्हणाला.

हार आणायचा नाही हे सगळ्यांना माहीत होतं. थोरल्यानं बाजारातून शेवंतीच्या वेणीचं मोठं भेंडोळं आणलं होतं. ते माझ्यापुढं धरून विचारलं, "आबा, किती तोडू?"

मी बाही वर केली. वेणीचं एक टोक कोपराशी धरलं आणि बोटाच्या टोकापर्यंत ताणलं. थोरला तोडायला लागला, तसा मी हात आणखी जरा पुढं केला. माझा हात मुळातच लांब आहे.